दहा मिनिटांचा रकाना

"काका, तुमचा हात कुठे गेला?"

प्रश्न बाहेर पडला आणि हँगरमधला पंखासुद्धा क्षणभर फिरायचा थांबला असं तिला वाटलं. पैज गेटपासून इथपर्यंतच्या पाच मिनिटांत लागली होती. सरकारी विमानतळ बघायला शाळेने आणलेल्या चाळीस मुलींच्या पुढे हा माणूस चालत होता. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपराशी दुमडून नीट शिवून टाकलेली होती. मागून तिची मैत्रीण काडी कुजबुजली होती, "भोंग्या, विचारून दाखव. आठवडाभर तुझी प्रयोगवही मी लिहीन." भोंगा म्हणजे ही. गेल्या वर्षापर्यंत हिचा आवाज वर्गात फक्त हजेरीपुरता निघायचा. मग वादविवादात कुणीतरी आजारी पडलं म्हणून हिला ढकललं, ही स्टेजवर उभी राहिली, आणि पोटात इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तेव्हापासून ती थांबलीच नव्हती. बाईंना उलट प्रश्न, रिक्षावाल्याला उलट उत्तर, आरशासमोर उभं राहून स्वतःशीच भाषण. बोलता येतं हे कळल्यावर आपण इतकी वर्षं गप्प का होतो याचाच तिला राग यायचा, आणि ती भरपाई करत सुटली होती. तेव्हा पैज कसली, तिला बहाणाच हवा होता. पण हा प्रश्न तोंडातून सुटला आणि उलटून तिच्याच कानावर आदळला. बाईंनी डोळे मोठे केले. काडी कुणाच्या तरी पाठीमागे लपली. तिसरी मैत्रीण, जिला सगळ्या वकील म्हणत, ती मात्र त्या माणसाकडेच बघत राहिली.

तो माणूस थांबला, वळला, आणि आश्चर्य म्हणजे हसला. "बरं झालं विचारलंस," तो म्हणाला. "इथे सगळे माझ्या चेहऱ्याकडेच बघतात. इतकं नीट बघतात की कळतं, कुठे बघायचं टाळतायत ते. या इकडे, दाखवतोच." आणि चाळीस मुलींना घेऊन तो हँगरच्या कोपऱ्यात गेला. तिथे माणसाच्या उंचीचा, तीन पाय पसरलेला पिवळा जॅक उभा होता. तो दिसताच तिच्या आत काहीतरी सुखाने हललं, ओळखीच्या माणसाला परक्या गावात बघावं तसं. हे तर घरचं. विमान उडतं ते सरकारचं, पण जमिनीवर असतं तोवर माझं, असं बाबा म्हणायचे. विमानाला उचलणारे जॅक, ओढणारे दांडे, चढायच्या शिड्या, चाकांखालचे ठोकळे, अशा जमिनीवरच्या सगळ्या सामानाच्या दुरुस्तीचं कंत्राट बाबांच्या वर्कशॉपकडे होतं, दर तीन वर्षांनी नवं. काडीच्या कानात 'हा आमच्याकडे येतो' असं सांगायला ती वाकलीसुद्धा. "चाक बदलायचं तर आख्खं विमान असल्या तीन जॅकवर उचलतात," तो माणूस सांगत होता. "आतला खांब तेलाच्या दाबाने वर चढतो. खांब चढतो तसतसा हा जाड नट एका माणसाने हाताने फिरवत खाली घ्यायचा. का? तर आतलं सील फाटून तेल गेलंच, तर खांब नटावर अडकेल, विमान पडणार नाही. पाच महिन्यांपूर्वी मी नट फिरवत होतो. सील फाटलं. खांब फक्त चार बोटं खाली आला. नटाने आपलं काम केलं, विमानाला ओरखडासुद्धा नाही. माझा हात नटाच्या खाली होता एवढंच."

"दुरुस्त होऊन आलेला जॅक होता," तो म्हणाला, "टॅग लावलेला. टॅग बघितल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. तो बघा." आणि त्याने डावा हात भिंतीकडे केला. भिंतीवर दाराएवढा बोर्ड होता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कागदावर विश्वास ठेवण्याआधी', आणि खाली एका टॅगचा मोठा केलेला फोटो. जॅकचा नंबर. तारीख. किती लोड दिला. आणि शेवटचा रकाना, 'दहा मिनिटांनंतर', त्यात गोल, सुबक, ठसठशीत अक्षरांत 'फरक नाही'. खाली वेडीवाकडी सही. नंबरात दोन सात होते. दोन्ही सातांच्या कमरेला आडवी रेघ होती, आणि रेघेच्या टोकाला इवलासा वर जाणारा बाक, जणू पट्टा बांधून निघालेत कुठेतरी. तो बाक तिने सातवीत असताना, कंटाळलेल्या एका तासाला, स्वतः शोधून काढला होता.

तिला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की अक्षर छान दिसतंय. एवढं मोठं करूनसुद्धा कुठे हललेलं नाही. दुसऱ्या क्षणी तिने वकीलचा दंड धरला. तो माणूस बोलतच होता. "तपासलाच नव्हता. तपासणाऱ्याने कबूल केलं, टॅग आपणच भरला म्हणून. म्हातारा माणूस आहे. परवा शेवटची सुनावणी. परवाना जाईल, कदाचित आतही जाईल. मला विचाराल तर मला त्याचा राग नाही. राग धरायलाही दोन हात लागतात." मुली ह्यावर हसायचं की नाही ते न कळून थोड्या हसल्या. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "अजून काही विचारायचंय तुला?" भोंगा वाजला नाही. तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि तिचं लक्ष तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडेच होतं, नीट, टाळून.

परतीच्या बसमध्ये खिडकीची काच थरथरत होती. काडी पैज हरल्याच्या आनंदात सगळ्यांना तोच प्रसंग पुन्हा करून दाखवत होती. वकील शेजारी बसली. वकील म्हणजे पोळलेल्या जिभेनेही वाद घालेल अशी मुलगी. ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्या बोर्डावरचा सात..."

"काय सात?"

"कमरेला पट्टावाला. तू फळ्यावर काढतेस तेव्हा बाई हसतात तो."

"जगात मी एकटीच काढते का तसा?"

वकीलने तिच्याकडे बघितलं. एरवी तिने इथे तीन मुद्दे मांडले असते. "नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. वाद न घालणारी वकील इतकी परकी दिसत होती की हिला रडू फुटेल असं वाटलं, पण रडू आलं नाही. फक्त उजव्या हाताची बोटं दुखायला लागली, बरंच लिहिल्यावर दुखतात तशी, मधल्या बोटाच्या पेराशी, जिथे पेन टेकतं. ती बोटं तिने डाव्या हातात धरून ठेवली. मग आपण काय धरलंय ते तिच्या लक्षात आलं आणि तिने सोडून दिली.

घर वर्कशॉपच्या वरच होतं. जिना चढताना खालून तेलाचा, ग्रीसचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास यायचा. तो तिच्या लेखी घराचाच वास होता. लहानपणी आईने झोपवलं की ती जमिनीला कान लावायची. खाली लोड देणाऱ्या यंत्राचा पंप चालू झाला की जमीन हळूच गुरगुरायची, आणि मग बंद व्हायची. त्या बंद होण्यालाच खरी सुरुवात म्हणायचे. यंत्राच्या चौकटीत जॅक उभा करायचा, त्यावर विमानाच्या वजनाहून जास्त दाब द्यायचा, पंप बंद करायचा, आणि दहा मिनिटं काही करायचं नाही. काट्याकडे बघायचं. काटा जागचा हलला नाही तर जॅक पास. हे काम लोडवाले काका करायचे. त्यांना खरं नावही होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरात यायचं. एक लाकडी खोका उलटा घालून ते काट्यासमोर बसायचे आणि दहा मिनिटं कुणाशी बोलायचे नाहीत. बाबांशीही नाही. पाच-सहा वर्षांची असताना ती त्या खोक्याच्या उरलेल्या तिकोन्या जागेवर बसायची. "काट्याकडे बघायचं," ते म्हणायचे, "घड्याळाकडे नाही. घड्याळाकडे बघणाऱ्याला दहा मिनिटं संपायला हवी असतात. काट्याला कसलीच घाई नसते." एकदा ती म्हणाली, हलला. कुणालाच दिसलं नव्हतं. एका केसाएवढा. बाबा म्हणाले, चला, पोरीचं काय ऐकता. काकांनी जॅक उतरवला, पूर्ण खोलला, आणि सीलच्या कडेला नखाच्या अर्ध्याएवढा पत्र्याचा तुकडा रुतलेला काढून तिच्या तळहातावर ठेवला. "ठेव जपून," म्हणाले, "आज तू एक विमान उचलून धरलंस." तो तुकडा तिच्या कंपासपेटीत कित्येक वर्षं होता. मग कंपासपेटी बदलली.

टॅगची गोष्ट त्याच्या खूप नंतरची. कंत्राटाचा नियम होता, जो तपासेल त्यानेच टॅग भरायचा, स्वतःच्या हाताने. पण काकांचं अक्षर म्हणजे तेलात बुडून चालत गेलेला किडा. बाबांचं त्याहून वाईट. विमानतळावरच्या साहेबांनी एक आख्खी खेप परत पाठवली, जॅकमध्ये दोष नव्हता, टॅग वाचता येत नव्हते म्हणून. त्याच आठवड्यात हिला अक्षराचं बक्षीस मिळालं. मग काय, बाबा टॅगचा गठ्ठा आणि न पुसणाऱ्या शाईचं पेन घेऊन वर आले आणि वाकून म्हणाले, "सेक्रेटरीबाई, जरा मेहेरबानी." काका चिठ्ठीवर नंबर, लोड आणि काटा लिहून पाठवायचे, ती उतरवायची, काका सही करायचे. सगळे खूश. घरात पाहुणे आले की आई सांगायची, हिच्या अक्षरावर विमानं उभी असतात. तिलाही ते आवडायचं. वर्गात तोंड न उघडणारी ती, तिचं लिहिलेलं मात्र कुंपणापलीकडे जिथे कुणाला पाऊल ठेवू देत नाहीत तिथे जायचं, आणि मोठमोठी माणसं ते वाचून कामाला लागायची. पुढे पुढे घाई वाढली, कामं वाढली. काका शनिवारी कोऱ्या टॅगवरच सह्या करून ठेवायला लागले, म्हणजे आठवडाभर कुणी कुणासाठी अडायला नको. चिठ्ठ्या मागे पडल्या आणि टॅग पुढे गेले. सकाळी टॅग भरून तयार, दुपारी काका तपासतात, संध्याकाळी गाडी. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं हे तर ठरलेलंच होतं. ज्याचा काटा हलतो तो जॅक गाडीत चढतच नाही, मग चढणाऱ्याच्या टॅगवर दुसरं काय लिहिणार? त्यामुळे ती तो रकाना आधी भरायची. एका ओळीत खेपेचे बाराही टॅग मांडायचे आणि सपासप, फरक नाही, फरक नाही, फरक नाही. त्यात एक ठेका यायचा. ती गुणगुणायची.

आणि बोर्डावरच्या तारखेची ती सकाळ. बसमधून उतरून जिना चढताना ती त्या सकाळीच चढत होती. टेबलावर चहाचे कप, बाबा उभ्यानेच, हातात खेपेची यादी. "बाराही भरून टाक. चारला गाडी आहे." तिने विचारलं होतं का, काकांची चिठ्ठी कुठाय? बसमध्ये तिने ते वाक्य इतक्यांदा स्वतःच्या तोंडी घालून बघितलं होतं की आता ते जवळजवळ ऐकू येत होतं. चिठ्ठी कुठाय? येतेय, तू लिही. असं झालं असतं तर किती बरं. पण त्या दिवशी वादविवादाची स्टेजवरची पहिली तालीम होती आणि तिने केसांना नवीन चाप लावला होता आणि तिला फक्त उशीर होत होता. तिने विचारलं नव्हतं. चिठ्ठी नाही म्हणून ते किडामुंगी अक्षर लावत बसावं लागणार नाही याचं तिला सुख झालं होतं. हे सुख तिला अगदी स्पष्ट आठवत होतं, त्या चापाच्या रंगासकट. ज्या दिवशी तिला आवाज फुटला त्याच दिवशी सकाळी तिने तो टॅग लिहिला होता. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस म्हणून जो तिने मनात जपून ठेवला होता, त्याच दिवशी, संध्याकाळी चारच्या गाडीतून तो टॅग गेला होता.

जिन्याच्या वळणावर ती थांबली. इथेच काका भेटले होते, त्यानंतर महिन्याभराने. बाबांनी तोवर सांगून टाकलं होतं, लोडवाले काका आता येणार नाहीत, त्यांचं वय झालं. तिने विचारलंही नव्हतं की एका आठवड्यात कसं काय वय झालं. काका जिना उतरत होते, हातात त्यांचा जेवणाचा डबा आणि खोक्यावर घालायचं गोणपाट. सामान न्यायला आले असावेत आणि वर बाबांना भेटून निघाले असावेत. ती स्टेजवरचं काहीतरी सांगायला लागली, ढाल मिळाली, पेपरात फोटो आला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मोठी झालीस. आता वहीतच लिहीत जा, बाहेरचं काही लिहू नकोस." तिला ते लागलं होतं. एवढी ढाल मिळवली आणि हे म्हणे वहीतच लिही. म्हातारी माणसं अशीच, असं तिने काडीला सांगितलंही होतं. आता त्याच पायरीवर उभं राहून तिला ते पुन्हा ऐकू आलं आणि तिने कठड्याला धरलं. त्यांना विचारलं असणार, अक्षर कुणाचं? टेबलापलीकडे तीन-चार साहेब असतील, मध्ये तो टॅग. आणि काकांनी, ज्यांचा पाच कधी पाचसारखा दिसला नाही, त्या गोल गोल सुबक अक्षरांकडे, त्या पट्टेवाल्या सातांकडे बघून म्हटलं असणार, माझंच. आणि साहेबांनी मान्य केलं असणार. कबूल करणाऱ्याचं अक्षर कोण तपासून बघतंय.

दार उघडंच होतं. आई भाजी निवडत होती. बाबा चहा घ्यायला वर आले होते, हात धुतलेले, पण नखांत काळं तसंच. खालून पंपाचा आवाज आला, जमीन गुरगुरली आणि बंद झाली. मग लगेच, मिनिटभरातच, नवीन लोडवाल्याच्या मोबाइलवरचं गाणं. "काय गं, कशी झाली सहल?" आई म्हणाली. "आमचे जॅक दिसले का?"

"एक दिसला," ती म्हणाली. "आणि माझं अक्षर दिसलं. दाराएवढं मोठं करून लावलंय."

बाबांचा कप बशीवर टेकला नाही, वरच राहिला. आईचा हातही थांबला, आणि तिला कळलं की आईलाही माहीत आहे. हे तिने धरलंच नव्हतं. जिना चढताना मनातल्या मनात तिने जे भांडण रचलं होतं त्यात आई तिच्या बाजूने उभी होती.

"ज्या माणसाचा हात गेला, त्यानेच दाखवलं," ती म्हणाली. "त्यालाच मी विचारलं, हात कुठे गेला म्हणून. सगळ्यांसमोर. पैज लावून."

"बस आधी," बाबा म्हणाले.

"तो जॅक तपासला नव्हता ना?"

बाबांनी कप ठेवला. "अकरा झाले होते. बारावा जोडून होईपर्यंत चार वाजले. गाडी फाटकात. तो ड्रायव्हर थांबत नाही, आणि खेप चुकली की काळ्या यादीत नाव. टॅग तयारच होते. मी लावला. म्हटलं एक जॅक, सील नवीन घातलंय, काय होणारे." ते हे सगळं इतक्या सपाट आवाजात बोलले की हे वाक्य ते पाच महिने रोज कुणाला तरी सांगत असणार, आंघोळीच्या पाण्याला, आरशाला. "काका हात धुवायला गेले होते. परत आले तर चौकट रिकामी. म्हणाले, बारावा? मी म्हटलं, गेला. ते काही बोलले नाहीत. पुढे साहेबांसमोर म्हणाले, कळल्यावर मी बोललो नाही म्हणून माझंच. मी त्यांना सांगितलं नव्हतं तसं म्हणायला."

"आणि अक्षर माझंच, असं म्हणायला?"

"तेही नाही. ते स्वतः म्हणाले. मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं आता हे तुझं नाव घेतील." बाबा थांबले. "नाही घेतलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

बाबा खाली हातांकडे बघू लागले. तेव्हाही काही म्हणाले नसतील, असंच, खाली बघत. नखांत काळं.

आईने सूप बाजूला सारलं. "हे बघ, तुझं वय काय, तुला ह्यात कोण ओढतंय? त्यांनी विचार करूनच केलंय ते. त्यांच्या मागे कुणी नाही. इथे खाली अकरा माणसं आहेत, अकरा घरं. कंत्राट गेलं तर टाळं लागेल. आणि तुझं काय होईल? शाळेत काय म्हणतील? आत्ता कुठे चार लोकांत बोलायला लागलीस."

"म्हणूनच तर," असं ती काहीतरी म्हणायला लागली आणि आवाज चढला, इतका की खालचं गाणं ऐकू येईनासं झालं. काकांच्या मागे कुणी नाही म्हणून त्यांना पाठवायचं का, आणि वरून सांगायचं वय झालं, आणि मी ढाल काय दाखवत होते त्यांना, ह्याच जिन्यात, तुम्ही मला दाखवू दिलीत. आई उठली आणि तिने दार लावून घेतलं. "खाली ऐकू जातंय," ती म्हणाली. "दहा मिनिटं तोंड बंद ठेवून बस त्या खुर्चीत. एक अक्षर बोलू नकोस. मग सांग काय ते."

ती बसली. आईला सवयीने आलेला आकडा तो, लहानपणापासून हट्ट केला की दहा मिनिटं. पण खुर्ची टेबलापाशी होती आणि टेबलाच्या खणात, तिला माहीत होतं, टॅगच्या त्या जुन्या गठ्ठ्यातला शेवटचा एक उरला होता. भूगोलाच्या वहीत खूण म्हणून तिने तो घातला होता आणि मग खणात टाकला होता. तिने खण उघडला. होता. कोरा, सगळे रकाने रिकामे, आणि खाली काकांची ती वेडीवाकडी सही, शनिवारी केलेली, येणाऱ्या आठवड्याच्या सगळ्या जॅकवर आधीच ठेवलेला विश्वास. तिने तो समोर ठेवला. भिंतीवर घड्याळ होतं. ती घड्याळाकडे बघणार होती, मग तिने मान वळवली. समोर बाबा बसले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी तो टॅग बघितला आणि नजर उचलली नाही. त्यांच्या कानशिलाजवळ एक शीर होती, ती उडत होती. पहिल्यांदा तिला वाटलं, आपण फुटू. छातीत इतके शब्द भरले होते की एक जरी सुटला तर सगळे येतील, आणि मग आईच्या कुशीत रडून मोकळं होऊन उद्या शाळेत जाता येईल. ते किती सोपं होतं. काडी प्रयोगवही लिहील. वकील काही दिवस गप्प राहील, मग विसरेल, वकील अशी मैत्रीण होती की ती विसरल्याचं नाटकही नीट करेल. परवा काका एकटे जातील, डबा घेऊन, कारण ते कुठेही डबा घेऊनच जातात. खाली गाणं संपलं आणि दुसरं लागलं. जमीन पुन्हा गुरगुरली नाही. एवढ्या वेळात खालच्याने दुसरा जॅक लावायलाच हवा होता. तो काय करत असेल? कुणीतरी कधीतरी त्या काट्याकडे बघतंय का आता? हे मनात आलं आणि तिची बोटं पुन्हा दुखायला लागली. ह्या वेळी तिने ती टेबलावर पसरून ठेवली, पाचही, टॅगच्या शेजारी. बाबांनी तो हात बघितला. त्यांचे ओठ हलले. आई दारापाशी उभी होती, पदराला हात पुसत, केव्हाचे कोरडे झालेले हात. तिला एकदम दोघांची दया आली, आणि दया आल्यावर आता आपण नक्की मऊ पडणार असं वाटून ती स्वतःच्या आत बघत राहिली, जसं लहानपणी खोक्याच्या तिकोन्या तुकड्यावर बसून बघायची, पापणी न हलवता, केसाएवढं काही हलतंय का. भीती होती. ती होतीच. टाळं लागलेलं वर्कशॉप दिसत होतं, वास नसलेला जिना दिसत होता, आईचं ते 'चार लोकांत बोलायला लागलीस' ऐकू येत होतं. पण ज्यावर हे सगळं ठेवलं होतं ते जागचं हललं नाही.

आई म्हणाली, "झाली दहा मिनिटं."

तिने टॅग उचलला, सही वर येईल असा धरला आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला. आवाज कसा निघेल ह्याची तिला खात्री नव्हती. तो हळू निघाला, हजेरीच्या वेळी निघायचा तसा.

"बाबा, परवा मी तुमच्याबरोबर येणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही नाही नेलंत तर काकांबरोबर जाईन. हा टॅग साहेबांसमोर ठेवीन आणि सांगीन, पेन द्या, मी लिहून दाखवते."